सांभाळून राहण्याची जुनी रीत

साठी ओलांडलेल्या वाचकांसमोर गर्भनिरोधनावरचा लेख कशासाठी, असा प्रश्न हे पान उघडताच तुमच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. परंतु आपल्या घरांत या विषयावरचा सल्ला डॉक्टरांच्या आधी वडीलधाऱ्यांकडून येतो, आणि तोही आडवळणाने. ‘जरा जपून राहा’, ‘आम्हीही सांभाळूनच राहिलो’ एवढ्या दोन वाक्यांत एका संपूर्ण पद्धतीची दीक्षा दिली जाते. ती पद्धत म्हणजे वीर्यपतनाच्या क्षणापूर्वी पुरुषाने स्त्रीपासून दूर होणे आणि वीर्य योनीच्या बाहेर पडेल असे पाहणे. वैद्यकीय लिखाणात तिला खंडित संभोग म्हणतात, दवाखान्यात ‘विड्रॉअल’ हा शब्द कानी पडतो, आणि घराघरांत तिला नावच नसते. ज्याला नाव नाही त्याविषयी प्रश्न विचारणेही अवघड होऊन बसते, म्हणून या लेखात आपण तिला बाह्यपतन म्हणू आणि तिच्याविषयी उघडपणे बोलू.

ही रीत फार जुनी आहे. हिब्रू बायबलमधील ओनानच्या कथेत तिचा उल्लेख येतो. मध्ययुगीन इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी ‘अज्ल’ या नावाने तिची तपशीलवार चर्चा केलेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून फ्रान्समध्ये जननाचे प्रमाण घटू लागले, तेव्हा गोळ्या नव्हत्या, तांबी नव्हती, रबरी साधनेही नव्हती. ती घट मुख्यत्वे याच रीतीने घडली असे लोकसंख्येचे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा ही पद्धत अगदीच कुचकामी आहे असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ती विनामूल्य आहे, तिला औषध लागत नाही, ती कोणालाही, कोणत्याही रात्री उपलब्ध असते. मात्र एका देशातील जन्मदर कमी होणे आणि तुमच्या घरातील एका स्त्रीला नको असताना दिवस न राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी सरासरी पुरते. दुसरीसाठी पुरत नाही.

महाराष्ट्राला तर या विषयावर मौन बाळगण्याचे काही कारणच नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, म्हणजे मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपला दवाखाना उघडला त्याच वर्षी. या कार्यापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, ते १९५३ साली त्यांचे निधन होईपर्यंत. मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. शंभर वर्षांपूर्वी मराठीत जे स्वच्छपणे छापले जात होते, ते आज सासू-सुनेच्या किंवा पिता-पुत्राच्या संभाषणात यायला धजत नाही, हे काहीसे विचित्रच म्हटले पाहिजे.

आता पद्धतीच्या यशापयशाकडे वळू. बाह्यपतन प्रत्येक वेळी, अगदी अचूक साधणाऱ्या १०० जोडप्यांपैकी वर्षभरात सुमारे ४ जोडप्यांत गर्भधारणा होते. परंतु असे अचूक जगणारी माणसे थोडी. प्रत्यक्ष व्यवहारात, म्हणजे थकवा, घाई, कधी मद्य, कधी अंदाज चुकणे हे सारे धरून, १०० पैकी सुमारे २० जोडप्यांत वर्षभरात दिवस राहतात. याच व्यवहाराच्या कसोटीवर निरोधच्या बाबतीत हा आकडा सुमारे १३, रोजच्या गोळ्यांच्या बाबतीत सुमारे ७ आणि तांबीच्या बाबतीत १ पेक्षाही कमी आहे. काहीच न वापरणाऱ्या जोडप्यांत तो ८५ च्या घरात जातो. म्हणजे काहीच नसण्यापेक्षा ही रीत पुष्कळ बरी, परंतु ज्यांना गर्भ राहणे मुळीच परवडणारे नाही त्यांनी तिच्यावर विसंबू नये.

‘आमचे कुठे काय झाले?’ असे तुमच्यापैकी काही जण म्हणतील. ज्यांचे काही झाले नाही, तेच हे वाक्य उच्चारू शकतात, ही त्यातली मेख. ज्यांचा अंदाज चुकला त्यांनी त्या चुकीचे नाव शेंडेफळ ठेवले, तिला प्रेमाने वाढवले आणि पद्धतीविषयी पुन्हा अवाक्षर काढले नाही. अपयशाची नोंदच कुठे झाली नाही.

अंदाज चुकतो तो का, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात दोष बहुधा इच्छाशक्तीचा नसतो. वीर्यपतन ही दोन टप्प्यांची क्रिया आहे. पहिल्या टप्प्यात वीर्य मूत्रमार्गाच्या आतल्या भागात येऊन जमते; दुसऱ्यात स्नायूंच्या आकुंचनाने ते बाहेर फेकले जाते. पहिला टप्पा पुरा झाला की दुसरा थोपवणे पुरुषाच्या हाती उरत नाही. शिंक यायला लागल्यावर ती जशी आवरत नाही तसेच. या पद्धतीत पुरुषाने ती सीमा येण्याआधीच ओळखायची असते, आणि तीही अशा क्षणी जेव्हा विचारशक्ती सर्वांत मंद असते. तरुण व अननुभवी पुरुषाला आणि ज्याचे वीर्यपतन लवकर होते अशा पुरुषाला ते विशेष अवघड जाते.

शिवाय वीर्यपतनापूर्वी काही थेंब पातळ, चिकट स्राव येतो. तो मूत्रमार्गालगतच्या लहान ग्रंथींतून येतो व त्याच्यावर कोणाचाच ताबा नसतो. त्यात शुक्राणू नसतात अशी पूर्वी समजूत होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७ पुरुषांच्या अशा स्रावाची तपासणी झाली, तेव्हा ११ जणांच्या स्रावात शुक्राणू आढळले आणि त्यांतील १० जणांचे शुक्राणू हालचाल करणारे होते. अभ्यास लहान आहे, आणि काही पुरुषांच्या बाबतीत तो स्राव निर्धोक असतो असेही त्यावरून दिसते. परंतु आपण कोणत्या गटात मोडतो हे घरबसल्या कळण्याचा मार्ग नाही. योनीच्या तोंडाशी वीर्य सांडले तरीही धोका असतो. आणि एकदा आत शिरलेले शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, त्यामुळे ‘आजचा दिवस धोक्याचा नव्हता’ या हिशेबातही फारसा अर्थ उरत नाही.

एक गोष्ट आकड्यांत मावत नाही. या पद्धतीत सारी सत्ता पुरुषाच्या हाती असते आणि सारी धास्ती स्त्रीच्या वाट्याला येते. त्याने वेळेवर आवरले की नाही हे तिला नेमके कळत नाही. पुढची पाळी येईपर्यंत तिने दिवस मोजायचे. वर्षानुवर्षे असे मोजत राहिलेल्या स्त्रीला शरीरसंबंध नकोसा वाटू लागला, तर ‘तिला आवडच नाही’ असा शिक्का मारण्याआधी त्या धास्तीचा विचार व्हायला हवा. पाळी कायमची गेल्यावर काही स्त्रियांना प्रथमच मोकळे वाटते, त्यामागे हेच कारण असते.

चाळिशीतली लेक, सून आणि बाळंतीण

तुमच्या घरातील ज्या स्त्रिया आज ४२ ते ५० या वयाच्या आहेत, त्यांच्याविषयी विशेष सांगायचे आहे. आपल्या देशात पाळी जाण्याचे सरासरी वय ४६-४७ आहे. त्याआधी काही वर्षे पाळी अनियमित होते. दोन महिने चुकते, मग लागोपाठ येते. या काळात गर्भधारणेची शक्यता कमी झालेली असते, संपलेली नसते. बीज कधी सुटेल याचा नेम राहत नाही. इतकी वर्षे बाह्यपतनावर निभावलेली स्त्री पाळी चुकली की ‘आता जायची वेळ झाली’ असे म्हणून स्वस्थ बसते, आणि चौथ्या महिन्यात पोट दिसू लागल्यावर दवाखान्यात येते. घरात कॉलेजात जाणारी मुले, बाहेर चारचौघांत चर्चा, आणि स्वतःच्या शरीरात वाढलेला रक्तदाब किंवा मधुमेह. चाळिशीनंतरच्या गरोदरपणात या दोन्ही विकारांचा धोका वाढतो; बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता चाळिसाव्या वर्षी साधारण शंभरात एक इतकी होते.

तेव्हा नियम असा लक्षात ठेवावा: शेवटची पाळी वयाच्या पन्नाशीनंतर आली असेल तर त्यानंतर एक वर्ष, आणि पन्नाशीपूर्वी आली असेल तर दोन वर्षे गर्भनिरोधन चालू ठेवावे. या वयात तांबी फार सोयीची ठरते. चाळिशीनंतर बसवलेली तांबी पाळी जाईपर्यंत ठेवता येते. तांबीने पाळीत रक्तस्राव थोडा वाढू शकतो, म्हणून आधीच अंगावर खूप जात असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. रक्तदाब असलेल्या किंवा धूम्रपान करणाऱ्या, पस्तिशीपुढच्या स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या रोजच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

बाळंतिणीची गोष्ट निराळी. ‘अंगावर पाजते आहे तोवर काही होत नाही’ हे आजीबाईंचे वाक्य निम्मे खरे आहे. बाळ सहा महिन्यांहून लहान असेल, त्याला रात्रंदिवस केवळ आईचे दूध मिळत असेल आणि पाळी परत आलेली नसेल, या तिन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या होत असतील, तरच ते भरवशाचे. घुटी, वरचे दूध, पाणी किंवा पेज सुरू झाली, किंवा बाळ रात्रभर सलग झोपू लागले, की तो भरवसा ढासळतो. आणि बीज पाळीच्या आधी सुटते. म्हणून पहिली पाळी येण्यापूर्वीच पुन्हा दिवस राहू शकतात. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिन्यांचे अंतर सुचवते. बाळंतपणाच्या शिणवट्यात, अपुऱ्या झोपेत, बाह्यपतनासारख्या काटेकोर पद्धतीवर तरुण जोडप्याने विसंबणे शहाणपणाचे नाही. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवण्याची सोय सरकारी रुग्णालयांत असते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली सेंटक्रोमॅन ही संप्रेरकविरहित गोळी ‘छाया’ या नावाने, आणि तीन महिन्यांनी एकदा घ्यायचे इंजेक्शन ‘अंतरा’ या नावाने सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची. ती अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. अंतरा पाजणाऱ्या आईला प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी सुरू करता येते.

हे सारे तुम्ही सुनेला समोर बसवून शिकवावे अशी अपेक्षा नाही. ते दोघांनाही संकोचाचे होईल. पण बाळाच्या लशीच्या दिवशी ‘आज डॉक्टरीणबाईंना पुढचेही विचारून घे, मी बाळाला घेऊन बाहेर बसते’ एवढे सासूबाईंनी म्हटले, तरी सुनेचे निम्मे ओझे उतरते. आणि ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती’ हे वाक्य मात्र कटाक्षाने गिळावे.

अंदाज चुकलाच तर

बाह्यपतन करताना चूक झाली अशी शंका आली, तर आत धुणे, उड्या मारणे, पपई-तीळ-गूळ खाणे यांचा काडीचा उपयोग नाही. शुक्राणू काही मिनिटांतच गर्भाशयाच्या मुखात पोहोचतात. उपयोग आहे तो तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचा. लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची ही एकच गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, घ्यावी. औषधाच्या दुकानात ती चिठ्ठीशिवाय मिळते. ती गर्भपात करत नाही, बीज सुटणे लांबवते, त्यामुळे आधीच राहिलेल्या गर्भावर तिचा परिणाम होत नाही. पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणे हा त्याहूनही खात्रीचा उपाय. दरमहा गोळी घेण्याची वेळ येत असेल, तर मूळ पद्धतच बदलायला हवी हे उघड आहे.

पाळी चुकली तर लघवीची तपासणी लगेच करावी. तिचे ‘निश्चय’ हे किट आशाताईंकडे मिळते. गर्भ नको असल्यास १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा, २०२१ च्या दुरुस्तीसह, २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपाताची मुभा देतो, आणि गर्भनिरोधक अयशस्वी ठरणे हे त्यासाठी मान्य कारण आहे. काही विशिष्ट परिस्थितींत ही मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत जाते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची किंवा सासूची सही कायद्याला लागत नाही. दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी घरच्या घरी हा प्रकार उरकू नये. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही, रक्तस्राव पोटात होतो, आणि उशीर जिवावर बेततो.

ज्यांना आणखी मूल नको आहे अशा जोडप्यांसाठी पुरुष नसबंदी हा सर्वांत सोपा मार्ग असूनही तो सर्वांत उपेक्षित आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुष नसबंदीचे प्रमाण होते अवघे ०.३ टक्के. आणीबाणीतील सक्तीची आठवण तुमच्या पिढीला आहे, त्या काळची भीती समजण्यासारखीही आहे. परंतु आजची बिनटाक्याची शस्त्रक्रिया थोड्या मिनिटांची असते आणि तिने पुरुषत्व, ताकद किंवा वीर्यपतन यांत फरक पडत नाही. मात्र ती झाल्यावर तीन महिने दुसरे साधन वापरायचे आणि वीर्याची तपासणी करून शुक्राणू नसल्याची खात्री करून घ्यायची.

आता तुमच्या स्वतःविषयी

बाह्यपतनाने अशक्तपणा येतो, प्रोस्टेट वाढते, पुढे नपुंसकत्व येते, अशी भीती अनेक वृद्ध पुरुष मनात बाळगून असतात. १८९५ साली फ्रॉइडनेसुद्धा अशा संभोगाला चिंताविकाराचे एक कारण ठरवले होते. या भीतीला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. प्रोस्टेट वयाने वाढते, बाह्यपतनाने नव्हे. ‘धातू’ गेल्याने शरीर खचते हीही समजूतच. वीर्य शरीरात सतत तयार होत असते. पाळी गेलेल्या पत्नीसोबत केवळ सवयीने अजूनही बाह्यपतन करणाऱ्या पुरुषाने ती सवय निश्चिंतपणे सोडावी.

मात्र एक वेगळा अनुभव अनेकांना घाबरवतो. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखे औषध सुरू झाल्यावर किंवा प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाल्यावर वीर्य फारच थोडे येते किंवा येतच नाही. औषधाने वीर्याचे प्रमाण घटते, किंवा वीर्य मागे मूत्राशयात जाते व पुढच्या लघवीतून निघून जाते; लघवी गढूळ दिसते. जुन्या मधुमेहातही असे घडते. हे अपायकारक नाही. पण याला गर्भनिरोधनही समजू नये: पुरुषाचे शुक्राणू सत्तरीतही तयार होत असतात, आणि विधुराने वयाने लहान स्त्रीशी विवाह केला असेल तर साधन वापरावेच लागते.

बाह्यपतन लैंगिक आजारांपासून संरक्षण देत नाही, हेही ध्यानात असावे. सिफिलिस, गोनोरिया, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, नागीण, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा विषाणू, यांना वय दिसत नाही. उतारवयात नवा सहवास सुरू होत असेल तर दोघांनीही रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि तोवर निरोध वापरावा. कोरडेपणासाठी खोबरेल तेल हाताशी असते, परंतु तेलाने रबर कमकुवत होऊन निरोध फाटतो. पाण्यात विरघळणारे वंगण औषधाच्या दुकानात मिळते, तेच घ्यावे. कोरडेपणा व जळजळ फार असेल तर योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे मलम डॉक्टर देऊ शकतात. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर, संबंधानंतर किंवा एरवीही, थोडेसे जरी रक्त दिसले तरी ते ‘घर्षणाने असेल’ म्हणून सोडून देऊ नये. गर्भाशयाच्या कर्करोगाची शक्यता तपासावीच लागते.

लिंगाला ताठरता येत नसल्यास तीही डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे. पुष्कळदा ती हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील दोषाची आगाऊ सूचना असते. यासाठीच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या मित्राने दिल्या म्हणून घेऊ नयेत. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी जे घेतात, त्यांनी ही गोळी घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो.

आई-वडिलांची शुश्रूषा करणाऱ्या मुला-मुलींना एक विनंती. आजोबा दिवाणखान्यातल्या दिवाणावर आणि आजी नातवंडांच्या खोलीत, किंवा आजोबा थोरल्याकडे आणि आजी धाकट्याकडे, अशी वाटणी आपण सोयीपोटी किती सहज करून टाकतो! त्यांना एक दार बंद करता येईल अशी खोली द्यावी. त्यांना डॉक्टरांकडे नेल्यावर औषधांची यादी तुम्ही सांगावी, आणि मग पाच मिनिटांसाठी बाहेर जाऊन बसावे. तुमच्यासमोर प्रोस्टेटच्या औषधाविषयी वडील एक चकार शब्द काढणार नाहीत, आणि आई अंगावरचे रक्त लपवून ठेवेल.